१२६ मिनिटांचं आख्यान

नाटकवाल्यांच्या घरात जन्माला यावं, त्यांची नाटकंही बघावीत, पण त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्याचं काही बघायला जाऊ नये. ही अक्कल मला गेल्या शनिवारी रात्री दीडच्या सुमारास आली.

आमचं घर कुडाळच्या बाजूला. आजोबा दशावतारात राजपार्टी करायचे आणि तात्याकाका स्त्रीपार्टी. म्हणजे स्टेजवर काका माझ्या आजोबांची राणी. रात्रभर आजोबा त्यांना 'प्रिये' म्हणायचे आणि सकाळी घरी आले की 'मेल्या, गोठो कोण झाडतलो?' बाबा पायपेटीवर, चुलतभाऊ पखवाजावर. मी तेवढा मुंबईला नोकरीत. त्यामुळे घरात माझा उल्लेख 'आमचो प्रेक्षक' असा होतो.

पाऊस लागला की नाटकं बंद. कार्तिकात जत्रा सुरू होईपर्यंत ही सगळी मंडळी पडवीत बसून पागोळ्यांकडे बघत एकमेकांच्या चुका काढतात. म्हटलं, यांना काहीतरी दाखवूया. निवडला 'यांकी डूडल डँडी'. १९४२ चा हॉलिवूडचा पिक्चर, १२६ मिनिटांचा, कृष्णधवल, भरपूर गाणी-नाच. गोष्ट जॉर्ज कोहान या अमेरिकन नटाची. आई, बाप, बहीण आणि हा, चौघं मिळून गावोगाव खेळ करत फिरतात. आपलीच माणसं, असं मला वाटलं. तिथंच चुकलं.

साडेआठला लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिल्याच मिनिटाला आजी म्हणाली, "टीव्हीचे रंग गेले."

"आजी, पिक्चरच तसा आहे."

"मगे तिकीट अर्धा आसतला."

याची नंतर रंगवलेली प्रतही निघाली आहे. मी ती मुद्दाम टाळली होती, रसिकपणा म्हणून. पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी 'साडी खंयच्या रंगाची?' याला उत्तर देताना तो रसिकपणा उतरला. साडी नव्हतीच, झगा होता, पण मी 'मोरपिशी' म्हणून सांगत गेलो.

खरी शिक्षा भाषांतराची. दशावतारात संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे. त्यामुळे मी एका वाक्याचं एका वाक्यात सांगितलं की काका नाराज. "बापूस एवढ्यातच गप रवलो? आमच्यात अर्धो तास बोललो असतो." शेवटी मी पल्लेदार सांगू लागलो. बापाच्या तोंडी 'हे पुत्रा' घातलं. तोवर पडद्यावर दोन प्रसंग पुढे गेलेले. मग मागे घ्या. मागे घेतलं की आजीला तो नवीन प्रसंग वाटायचा.

पोरगा लहान वयात डोक्यात हवा गेल्यामुळे घरादाराचं काम घालवतो आणि बाप त्याला मारायला उठतो. आई मध्ये पडते: हातावर नको, व्हायोलिन वाजवायचंय, तोंडावर नको, गायचंय. मग बाप नेमकी जिथं कला नाही ती जागा शोधतो. इथं बाबा एकदम खूश. "माका मातर सगळीकडे मारल्यानी," ते म्हणाले. आजीने मान डोलावली.

कोहान आपला वाढदिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलैला सांगायचा. दाखल्यावर मात्र ३ जुलै आहे. हे मी कौतुकाने सांगितलं. कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्या घरात सहा माणसं १ जूनला जन्मलेली आहेत, मास्तरांच्या कृपेने.

चुलतभावाला टॅप नाचाचा आवाज लागला. "बुटांका नाल ठोकलेत की काय?" म्हणत त्याने स्टीलचा डबा ओढला आणि साथ धरली. बाबांना पियानोची पट्टी खटकत होती. पिक्चरला संगीताचं ऑस्कर आहे, असं मी म्हणालो. "असात," बाबा म्हणाले, "पण सूर चढो आसा."

काका मात्र कॅग्नीवर रुसून बसले होते. जेम्स कॅग्नी, नायक. "नाचता बरो, पण नाचाक पखवाज खंय?" एवढंच. मग मी हुकमी पान टाकलं. या पिक्चरमधली आई कॅग्नीहून ११ वर्षांनी लहान आहे. काकांनी भुवईसुद्धा हलवली नाही; त्यांनी स्वतःच्या बापाशी शेकडो वेळा लग्न लावलंय. तेवढ्यात पडद्यावर कोहान दाढी लावून आपल्याच आईचा बाप झाला. "ह्यां आमचा," काका पुटपुटले. मग मी शेवटचं सांगितलं: कॅग्नीने रंगमंचावर पहिलं पाऊल टाकलं ते बाईच्या वेषात, कोरसमध्ये नाचायला.

काका ताठ बसले. "मागे घे. चाल बघूया तेची."

तीन वेळा चाल बघितली. "कमरेत आसा," असा निकाल लागला आणि कॅग्नी आमच्या घरचा झाला.

प्रत्येक खेळाच्या शेवटी पोरगा प्रेक्षकांचे आभार मानतो: आईतर्फे, बापातर्फे, बहिणीतर्फे आणि स्वतःतर्फे. पुढे बाप मरणाला टेकतो तेव्हा उशाशी बसून तो हेच बोलायला लागतो. त्याला धड बोलवत नाही. त्या वेळी भाषांतर कुणी मागितलं नाही. डबा थांबला. बाहेर पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या.

आजीच म्हणाली, "ह्यांनी कधी कोणाक थँक्यू म्हटला नाय." आणि पदराने चष्मा पुसला.

शेवटी कोहान राष्ट्राध्यक्षांना भेटून व्हाइट हाउसचा जिना उतरतो आणि उतरता उतरता नाचायला लागतो. काकांनी तो तुकडा चार वेळा लावायला सांगितला. पाचव्यांदा सांगितलं नाही. उठून पडवीत गेले. आमच्या पडवीला खळ्यात उतरायला तीन पायऱ्या. वय ७१, पायरीवर शेवाळ. पहिल्या दोन पायऱ्या खरोखर सुंदर उतरले.

सकाळी शेजारचे गृहस्थ गडग्यावरून डोकावले. "तात्यानू, पायाक काय झाला?"

हळदीचा लेप लावलेला पाय स्टुलावर ठेवून काका आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी राणीसारखी मान वळवली.

"मुरगाळलो. व्हाइट हाउसाच्या पायऱ्येर."