बॅटरी संपत आली म्हणून फोन घातक होत नाही

‘बॅटरीची शेवटची कांडी उरली की फोन उचलू नका, त्या वेळी किरणोत्सर्ग हजार पटींनी वाढतो,’ हा मजकूर कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. हा दावा चुकीचा आहे.

फोन किती ताकदीने लहरी सोडतो, हे बॅटरीवर नाही, रेंजवर ठरतं. टॉवर जवळ असेल तर टॉवरच फोनला ताकद कमी करायला सांगतो. तळघरात, लिफ्टमध्ये, घाटात रेंज गेली की फोन जोर लावतो. हा फरक शेकडो पटींचा असू शकतो. म्हणजे बघायची कांडी रेंजची आहे, बॅटरीची नव्हे! बहुधा या दोन कांड्यांच्या गोंधळातूनच ही अफवा जन्मली असावी.

या जोरालाही कमाल मर्यादा आहे. ४जी फोन साधारण ०.२ वॉटपर्यंत जातो. त्याच्या हजार पट म्हणजे २०० वॉट. एवढ्यात पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा पाचेक मिनिटांत संपेल, संपत आलेली कुठून देणार?

भारतात २०१२ पासून हँडसेटसाठी ‘सार’ची, म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोला १.६ वॉट आहे आणि ती चाचणी फोन पूर्ण ताकदीवर ठेवूनच होते. तुमच्या फोनचा आकडा बऱ्याच हँडसेटवर *#०७# दाबून दिसतो.

रेंज कमी असताना लांबलचक बोलायचं असेल तर इअरफोन लावा. पण रात्री आईचा फोन आला आणि बॅटरी दोन टक्के असेल, तर निर्धास्त उचला.