पार्किंग आहे, माणूस बसत नाही

भाड्याचं घर नाकारलं जाण्याची सगळी कारणं मला आता तोंडपाठ आहेत. पोटावरून मात्र परवा पहिल्यांदाच नाकारलं गेलो, म्हणून अजून चरफडतोय.

फ्लॅट चांगला होता, त्यात काही सांगण्यासारखं नाही. एजंटला फोनवर तीनदा विचारलं होतं, पार्किंग आहे ना? तीनदा 'आहे ना सर'. एजंट लोकांचं पार्किंग देवासारखं असतं, आहे म्हणतात, दाखवा म्हटलं की पंचाईत.

खाली गेलो तर आमच्या होऊ घातलेल्या पार्किंगमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत एक काका. ते उठले नाहीत. माझ्याकडे न बघता आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत गाडीकडे, आणि म्हणाले, "गाडी जाईल."

मी खूश.

"तुम्ही नाही जाणार."

मग खिशातून मेजरिंग टेप काढली. घरच्या कपड्यांत खिशात टेप घेऊन कोण बसतं? त्यांनी एक टोक मला धरायला लावलं आणि शिकवणीच सुरू केली. नकाशात रुंदी अडीच मीटर, पण ती पिलरच्या मधोमधपासून धरलेली, म्हणजे फूटभर पिलर आणि भिंतीनेच खाल्ला. राहिले २.२. तुमची गाडी १.७. भिंतीला अगदी चिकटवून लावलीत तरी तुमच्या बाजूला ५० सेंटीमीटर, त्यात दाराची जाडी वजा करा, आणि पिलर नेमका दारासमोर. "आता सांगा, किती उरले?" मला शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं झालं. एजंट मोबाईलमध्ये.

"आधीचा भाडेकरू बारीक होता," काका म्हणाले, आणि यानंतर पाच मिनिटं मी त्या बारीक माणसाचं कौतुक ऐकलं. तो म्हणे पुढच्या दोन सीटच्या मधून सरपटत मागे जायचा आणि मागच्या दारातून उतरायचा, बॅग आधी फेकायचा, कधी तक्रार नाही. "करून बघा ना," काका म्हणाले. आणि मी, शिकलेला, नोकरी करणारा माणूस, ते करायला गेलो. गिअरच्या दांड्यापाशी अडकलो. एक पाय मागे, बाकीचा मी पुढे, हॉर्न दोनदा आपोआप वाजला. पहिल्या मजल्यावरची बाई गॅलरीत आली. काका बाहेरून "पोट आत घ्या, आत" म्हणत होते. अहो, आतच आहे ते, ही त्याची आतली साईज आहे.

बरं, हे एकच घर असतं तर हसून सोडलं असतं. त्याआधीच्या घरात पार्किंग एकामागे एक होतं, म्हणजे सकाळी आपल्याला निघायचं तर मागच्याला झोपेतून उठवायचं. त्याच्या आधीच्या जागेत मालकाचा जुना सोफा आणि कपाट, 'ते नंतर हलवू'. गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते, म्हणजे आपण खरं तर गाडी उभी करण्यासाठीच जागा शोधतोय, आणि त्यातच आपली राहायची सोय झाली तर झाली. आणि ज्याने त्या २.२ मीटरवर पिवळे पट्टे मारून 'कार पार्किंग' लिहिलं, त्याने एकदा तरी तिथे गाडी लावून दार उघडून बघितलं असेल का? त्याला कोणी काही विचारत नाही. पोट आत घ्यायचं मीच.

शेवटी डिकीकडच्या बाजूने कसाबसा उतरलो. काका टेप गुंडाळत म्हणाले, "घर मात्र चांगलंय हो. गाडी विकून टाका." आणि परत खुर्चीत बसले, पाय लांब करून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की जागा रिकामी राहण्यात नेमका कोणाचा फायदा आहे.

काल एजंटचा मेसेज आला, 'सर नवीन फ्लॅट, पार्किंग आहे.' मी विचारलं, रुंदी किती?

त्याने अंगठा पाठवला.