म्हणे, देशी गाय मिथेन सोडत नाही!

सोलापूरकडच्या दूधवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गाय पादते म्हणून पृथ्वी तापते, हा परदेशी कांगावा. देशी गाय मिथेन सोडतच नाही. गवतातला कार्बन हवेतच परत जातो. खरा डाव खाद्यात पावडर घालून दूध नासवण्याचा.’

पादण्याचं आधी निस्तरू. हा मिथेन बहुतेक सगळा ढेकरेवाटे, म्हणजे तोंडातून बाहेर पडतो.

आता देशीचं. देशी खिलार गाय असो, पंढरपुरी म्हैस असो की परदेशी वंशाची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो, हायड्रोजन सुटतो आणि तिथले सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. खिलार खाते कमी, म्हणून तिचा दिवसाचा मिथेनही कमी, हे कबूल. पण दुधाच्या लिटरमागे हिशेब मांडा, गणित उलटतं. दोन लिटर देणाऱ्या गाईलाही जगायला चारा लागतोच.

कार्बन परत जातो, हे खरं. पण मधली दहा-बारा वर्षं तो मिथेन म्हणून हवेत राहतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबातही वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. एवढं मेसेजवाल्यानं सोयीनं गाळलंय.

पावडर म्हणजे ३-एनओपी हे खाद्यात मिसळायचं रसायन. मिथेन तयार होण्याची शेवटची पायरी ती अडवते. दुभत्या गाईत साधारण ३० टक्के घट होते. युरोपनं २०२२ मध्ये तपासून परवानगी दिली. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये तिच्या भीतीनं लोकांनी दूध मोरीत ओतलं. आपल्याकडचा मेसेज त्याचीच मराठी आवृत्ती दिसते. शिवाय ही पावडर चाऱ्याबरोबर रोज पोटात जावी लागते. सांगोल्याच्या माळावर चरणाऱ्या खिलारला ती चोरून कोण चारणार? आणि सगळंच परदेशी म्हणाल, तर आयसीएआर म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बेंगळुरूच्या संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केलंय, त्याचं काय?

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट मात्र आपल्या खिशाची. चाऱ्यातली साधारण ६ टक्के ऊर्जा मिथेन होऊन उडते. चारा निकृष्ट तर जास्तच. मालदांडी ज्वारीचा कडबा शेकड्यानं विकत घ्यायचा आणि त्यातला वाटा वाऱ्यावर सोडायचा! कडब्याची कुट्टी, जोडीला मेथीघास, बेतानं पेंड आणि क्षारमिश्रण एवढं सांभाळलं तरी दूध वाढतं, लिटरमागचा मिथेन उतरतो. त्याला कुठलीच पावडर लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यांवर गोठा काढणाऱ्यांनी तरी हे आधी करून पाहावं.