‘समुद्री कमांडो’ असते तर कुबेर अडली असती? एका फॉरवर्डचा पंचनामा

हा मेसेज माझ्याकडे आतापर्यंत पाच वेळा आला आहे. आधी बोटीवरच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, मग शाळेच्या आणि शेवटी सोसायटीच्या, जिथे एरवी पाण्याच्या टँकरपलीकडे विषय जात नाही. मजकूर थोडक्यात असा: “९/११ नंतर अमेरिकेने आपल्या कोस्ट गार्डमध्ये खास समुद्री कमांडो फौज उभी केली. काही तासांत ती जगातल्या कुठल्याही समुद्रात उतरते आणि अतिरेक्यांचा खात्मा करते. एकाच सेनापतीच्या हाताखाली, नेव्ही सील्सच्या तोडीची! आपल्या तटरक्षक दलाकडे अशी एक जरी तुकडी असती तर कुबेर समुद्रातच अडली असती आणि २६/११ घडलंच नसतं.” खाली तिरंगा, हात जोडलेले आणि एक व्हिडिओ. (कुबेर म्हणजे २६/११ चे हल्लेखोर ज्या बोटीतून मुंबईजवळ आले ती; नेव्ही सील्स म्हणजे अमेरिकन नौदलाचे कमांडो.)

मी वीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. अमेरिकन बंदरांत या मंडळींशी गाठ पडलेली आहे. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बोलतो.

आधी व्हिडिओ, कारण मजकूर न वाचणारेही तो बघून मान डोलावतात. व्हिडिओ खरा आहे. पण तो १८ जून २०१९ चा, पूर्व प्रशांत महासागरातला. कोस्ट गार्डच्या ‘मन्रो’ या कटरच्या, म्हणजे गस्ती जहाजाच्या, झडतीसाठी चढणाऱ्या टीममधला एक जण भर वेगात चाललेल्या, अर्ध्या पाण्याखाली असलेल्या बोटीवर उडी मारतो, झाकणावर मुठी आपटतो. बोट थांबवा म्हणून स्पॅनिशमध्ये ओरडणंही ऐकू येतं. आत सात टनांहून जास्त कोकेन होतं. अतिरेकी एकही नव्हता.

“९/११ नंतर उभी केली” हे अर्धं खरं. ज्यांना मेरिटाइम सेफ्टी अँड सिक्युरिटी टीम म्हणतात, त्यातली पहिली तुकडी जुलै २००२ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सागरी वाहतूक सुरक्षेचा कायदा आला. पण या तुकड्यांचा साचा जुनाच होता. बंदरांची राखण करणारी पोर्ट सिक्युरिटी युनिटं १९९०-९१ च्या आखाती युद्धातच परदेशी बंदरांत जाऊन आली होती. नौदलाच्या जहाजांवर राहून समुद्रात तस्करांना पकडणारी पथकं १९८२ पासूनची. तेलगळती निस्तरणारा नॅशनल स्ट्राइक फोर्स १९७३ चा. आणखी मागे जायचं तर ३० जुलै १९१६ ला न्यूयॉर्क बंदरातल्या ब्लॅक टॉम धक्क्यावरचा दारूगोळा जर्मन हस्तकांनी उडवून दिला, इतका की स्वातंत्र्यदेवतेच्या मशालीलाही इजा झाली. पुढच्याच वर्षी कायदा होऊन बंदरातल्या जहाजांच्या हालचालींवर सरकारचा ताबा आला, आणि ते काम पुढे कोस्ट गार्डकडे राहिलं.

९/११ ने बदललं ते वेगळंच, आणि ते आम्हा खलाशांना लगेच जाणवलं. बंदरात शिरण्याआधी २४ तास द्यायची वर्दी ९६ तासांवर गेली. कुठून आलात, पोटात काय माल, माणसं कोण, आधीची बंदरं कोणती, सगळं चार दिवस आधी. संशय आला तर बंदराच्या बाहेरच सशस्त्र टीम चढायची. ह्यूस्टनला जाताना एकदा आमच्याकडेही चढली. जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोरशिडीवरून सात-आठ जण वर आले. दोघं ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, दोघं इंजिन कंट्रोल रूममध्ये उभे राहिले आणि जहाज धक्क्याला लागेपर्यंत जागचे हलले नाहीत. बाकीच्यांनी क्रू लिस्ट आणि सगळ्यांचे पासपोर्ट एकेक करून ताडून पाहिले. आमच्या कुकने पुढे केलेला चहा अगदी नम्रपणे नाकारला. त्यांचा हेतू एवढाच की हे जहाज कुणी बळकावून पुलावर किंवा रिफायनरीवर घालू नये. सिनेमात दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तीन तास नुसता कंटाळा.

“अतिरेक्यांचा खात्मा करते.” या तुकड्यांचं रोजचं काम बघितलं तर हे वाक्य लिहिणाऱ्यालाच हसू येईल. स्ट्राइक फोर्सच्या टीम बूम, म्हणजे तेल अडवणारे तरंगते अडसर, टाकतात, तेल उपसतात. २०१० च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या दुर्घटनेत त्या होत्याच, पण २००१ मध्ये वॉशिंग्टनला पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतू आले तेव्हा साफसफाईलाही होत्या आणि २००३ मध्ये कोलंबिया यानाचे तुकडे गोळा करायलाही. म्हणजे आपली कल्पना चावला ज्या यानात गेली, तेच. कतरिना वादळात बंदर सुरक्षेच्या तुकड्यांनी त्याच बोटी घेऊन छपरांवरून माणसं उतरवली. तस्करांच्या वेगवान बोटी अडवणारं हेलिकॉप्टर पथक फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला आहे. त्यांचा नेमबाज आधी पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या झाडतो आणि बोट तरीही थांबली नाही तर तिचं इंजिन फोडतो. माणसं जिवंत हातात येतात, कारण त्यांना कोर्टापुढे उभं करायचं असतं.

काम जिवावरचं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २४ एप्रिल २००४ ला इराकच्या तेल टर्मिनलजवळ एक धो (अरबी धाटणीची बोट) तपासायला गेल्यावर तिचा स्फोट झाला आणि नौदलाच्या दोघांबरोबर कोस्ट गार्डचा नेथन ब्रुकेनथाल गेला. व्हिएतनामनंतर लढाईत मेलेला कोस्ट गार्डचा तो पहिला माणूस.

“काही तासांत जगातल्या कुठल्याही समुद्रात” हे सरळ चूक आहे. सिक्युरिटी टीम घरच्या बंदरांसाठी आहेत. त्यांच्या बोटी ट्रेलरवर चढवून हायवेने नेता येतात, हे त्यांचं मोठं बळ. परदेशी जायची खास तयारी असते ती पोर्ट सिक्युरिटी युनिटांची, आणि त्यांना निघायला दिलेली मुदत आहे ९६ तास. त्यातले बहुतेक राखीव दलाचे. एरवी कुणी पोलिसात, कुणी अग्निशमन दलात.

“एकाच सेनापतीच्या हाताखाली” हे पाच वर्षं खरं होतं. जुलै २००७ मध्ये सगळ्या तुकड्या एका छत्राखाली आणल्या, डिप्लॉयेबल ऑपरेशन्स ग्रुप या नावाने. २०१२ मध्ये ते छत्र मिटलं आणि तुकड्या पुन्हा अटलांटिक व पॅसिफिकच्या मुख्यालयांत वाटल्या गेल्या. त्याहून गमतीची गोष्ट २०१० ची. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात बारापैकी पाच सिक्युरिटी टीम बंद करायचं घाटत होतं आणि त्या पाचांत चक्क न्यूयॉर्कची होती! तिथल्या लोकप्रतिनिधींनी आकाशपाताळ एक केल्यावर ती वाचली. अलास्कातली अँकोरेजची मात्र गेली. ज्यांनी ही फौज उभी केली त्यांनाच ती किती हवी याचा हिशेब दर अर्थसंकल्पात नव्याने मांडावा लागतो.

आता “नेव्ही सील्सच्या तोडीची”. कोस्ट गार्डमध्ये खरोखर चढाई करणारी मंडळी आहेत, ती मेरिटाइम सिक्युरिटी रिस्पॉन्स टीममध्ये. एक व्हर्जिनियात, एक सॅन डिएगोला. दोरावरून हेलिकॉप्टरमधून उतरणं वगैरे ते करतात. एवढं मान्य. पण सील्सशी तुलना केली की मुद्दाच निसटतो. नौदलाला जे करता येत नाही त्यासाठी कोस्ट गार्ड लागतं, आणि ती गोष्ट ताकदीची नसून अधिकाराची आहे.

अमेरिकेत सैन्याने पोलिसी काम करू नये असा १८७८ चा कायदा आहे, पॉसी कोमिटाटस. आधी तो भूदलापुरता होता, नौदल धोरण म्हणून पाळायचं, पुढे तेही कायद्यात आलं. कोस्ट गार्ड सशस्त्र दल असूनही या बंधनाबाहेर आहे, कारण जहाज थांबवणं, झडती, अटक, जप्ती हे अधिकार त्याला वेगळ्या कायद्याने दिलेले आहेत. म्हणून कॅरिबियनमध्ये नौदलाची भलीमोठी विनाशिका तस्कराच्या मागे लागते तेव्हा तिच्यावर कोस्ट गार्डच्या मूठभर लोकांचं पथक असतं. बोट पकडायची वेळ आली की विनाशिकेवर कोस्ट गार्डचा झेंडा चढतो आणि त्या कारवाईपुरती ती कोस्ट गार्डच्या हुकमाखाली जाते. हजारो टनांचं जहाज चालवणारा कॅप्टन बाजूला, आणि हातात पंचनाम्याचे कागद घेतलेला हवालदाराच्या दर्जाचा माणूस पुढे. मला या सगळ्या व्यवस्थेतलं हे चित्र सगळ्यात आवडतं.

जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यापलीकडे एका धोवर रात्री चढताना दोन सील कमांडो बुडाले, ती बातमी आठवत असेल. त्या मोहिमेत कोस्ट गार्डच्या रिस्पॉन्स टीमचे लोकही होते. धोवर इराणी क्षेपणास्त्रांचे भाग सापडले. धोवरच्या चौघांवर व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टात खटला भरला गेला आणि धोच्या कप्तानाला शिक्षा झाली. नुसती धो बुडवायची असती तर एक तोफ पुरली असती.

राहता राहिली कुबेर. इथे मेसेज नुसता चुकत नाही, दिशाभूल करतो.

कुबेर पोरबंदरची मच्छिमार बोट होती. भारतीय नोंदणीची, भारतीय तांडेल (बोटीचा म्होरक्या) सुकाणूवर. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ती समुद्रात बळकावली, खलाशांना मारलं, तांडेलाला मुंबई दिसेपर्यंत जिवंत ठेवलं आणि मग त्यालाही मारलं. पुढे रबरी बोटीतून कुलाब्याला उतरले. गुजरात ते मुंबई या पट्ट्यात मासेमारीच्या हंगामात अशा हजारो बोटी असतात. दोरावरून उतरणारे शंभर कमांडो तुम्ही तयार ठेवलेत तरी ते उतरणार कुठल्या बोटीवर? तीच नेमकी बोट, हे कळायला कुणीतरी सांगावं लागतं. अमेरिकन टीम आमच्या जहाजावर चढली ती चार दिवस आधी आम्हीच पाठवलेल्या माहितीमुळे. कुबेरला तशी कसली वर्दी द्यायची नव्हती, आणि हल्ल्यानंतर ती बेवारस तरंगताना तटरक्षक दलाला सापडली.

कमांडो नव्हते असंही नाही. नौदलाचे मार्कोस १९८७ पासून आहेत आणि त्या रात्री ताजमध्ये शिरलेही होते. वेळ लागला तो राष्ट्रीय सुरक्षा दलाला (एनएसजी) दिल्लीहून यायला. तो धडा २००९ मध्ये घेतला गेला आणि मुंबईसह चार शहरांत त्यांची केंद्रं निघाली. वेगाचा प्रश्न जिथे होता तिथे उत्तर वेगाचंच होतं. समुद्रावरचं उत्तर वेगळं निघालं: फेब्रुवारी २००९ मध्ये कुणाची जबाबदारी कुठवर ते ठरलं, नौदलाचं सागर प्रहरी बल आलं, किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली, राज्यागणिक बोटींना वेगळा रंग आला, मच्छिमारांना ओळखपत्रं मिळाली, ‘सागर कवच’च्या कवायती सुरू झाल्या. कोकणात कवायतीच्या दिवसांत जेट्टीवर चौकशीचा ससेमिरा लागतो, तो यामुळेच. या सगळ्यात खोट नाही असं मी म्हणत नाही. छोट्या होड्यांचा माग ठेवणं आजही अवघड आहे. पण खोट काढायची तर तिथली काढा.

आणि “अशी एक जरी तुकडी”? तेलगळतीसाठी आपल्या तटरक्षक दलाची खास पथकं मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरला आहेत. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया यांची टक्कर होऊन तेल पसरलं तेव्हा निस्तरण्याच्या कामात तटरक्षक दलच पुढे होतं. त्याचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही, काळं तेल उपसताना माणूस शूर दिसत नाही ना.

रबरी बोट कुलाब्याच्या मच्छिमार वस्तीजवळ लागली तेव्हा तिथल्या लोकांना ती पोरं खटकली होती, त्यांनी हटकलंही होतं. समुद्रात किंवा किनाऱ्यावर असं काही खटकलं तर सागरी पोलिसांचा नंबर १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. सोसायटीच्या ग्रुपवर मी तो मेसेज पुढे न पाठवता हे दोन आकडे टाकले. त्यावर अजून एकही अंगठा आलेला नाही.