वर्ग गप्प होता म्हणून गुण देता? छात्राध्यापकानं काय केलं ते कोण बघणार?

छात्राध्यापकांच्या, म्हणजे शाळेत सरावाचे पाठ घेणाऱ्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या, पाठ निरीक्षणाच्या वह्या चाळल्या की डोकं फिरतं. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, शाळेतला काळ वीस आठवड्यांवर गेला, आणि निरीक्षणाच्या तक्त्यात वर्ग सांभाळण्यासाठी अजून तीच एक ओळ: 'वर्गनियंत्रण'. पुढे आकडा, खाली शेरा 'चांगले'. म्हणजे पोरं गप्प होती. अहो, मागच्या बाकावर त्यांचे वर्गशिक्षक बसले होते, पोरं गप्प बसणारच!

नाशिकच्या सातपूर-सिडकोकडचा साठेक पोरांचा सातवीचा वर्ग घ्या. छात्राध्यापक पाठमोरा, फळ्यावर आकृती काढतोय. तिसऱ्या बाकावरचा मुलगा कर्कटकाचं टोक शेजाऱ्याच्या दप्तरात खुपसतोय. काय करता येईल? शिकवणं न थांबवता त्या बाकाशी जाऊन उभं राहा. नुसतं बघा. कर्कटक उचलून टेबलावर ठेवा. पण बहुतेक जण सगळ्या वर्गावर ओरडतात. आवाज अर्धा मिनिट दबतो नि मग वाढतो, कारण ज्यानं काहीच केलं नाही त्यानं बोलणी खाल्ली आणि करणारा सुटला. योग्य मुलाला, वेळेवर टोका, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिननं 1970 सालीच मांडलंय. आमच्या तक्त्यात त्याला जागाच नाही.

चूक नेमकी कुठे झाली हे तरी विचारा! छात्राध्यापकाला दिसलंच नाही? दिसलं, पण काय करायचं सुचलं नाही? की सुचलं आणि धीर झाला नाही? तिन्हींवर उपाय वेगळे. दहात सहा गुण देऊन यातलं काय कळतं?

सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे कॉलेजातच एकेका कौशल्यासाठी घेतलेल्या छोट्या पाठांत, तर याचा सरावच होत नाही. शिकवणं, सूचना, पुन्हा शिकवणं असं छत्तीस मिनिटांचं चक्र, समोर 'विद्यार्थी' म्हणून बसलेले वर्गमित्र, सगळे शहाणे. कुणी खडू फेकत नाही, कुणी 'सर, पाणी प्यायला जाऊ?' म्हणत नाही. आणि शाळेत पोराला बाकावर उभं केलं तरी शेरा 'नियंत्रण उत्तम'! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही बंद केलाय, हे निरीक्षकाला माहीत नाही का?

निरीक्षकांनो, आधी मागचा बाक सोडा, तिथून पोरांच्या फक्त पाठी दिसतात. पुढे, खिडकीशी बसा. मिनिट लिहा, घडलं काय, केलं काय, पुढच्या दोन मिनिटांत वर्ग कुठे गेला. मग त्याच दिवशी दहा मिनिटं बसून विचारा: तुला काय दिसलं, दुसरं काय करता आलं असतं, हेच का केलंस? दुसऱ्या दिवशी विचारलंत तर तो पाठ केलेलं उत्तर देतो. त्यानं सांगितलेल्या कारणाला वेगळे गुण द्या, परिणामाला वेगळे. नशिबानं शांत राहिलेला वर्गही असतो.

आणि एका तासिकेत तीन वर्गांत डोकावून तीन वह्यांवर सह्या करणं थांबवा. एकच पाठ बघा, पण घंटेपासून घंटेपर्यंत. हजेरी आणि वह्यावाटपाच्या पहिल्या पाच मिनिटांतच वर्ग हातातून जातो, आणि तेव्हा निरीक्षक स्टाफरूममध्ये चहा पीत असतो.