‘फिलर जितका बारीक, तितकं कंपोझिट भारी’: दाव्याची मुद्देसूद तपासणी

कंपोझिट म्हणजे रेझिन, प्लॅस्टिक किंवा रबरात फिलरची, म्हणजे बारीक कणांच्या पावडरीची, भर घालून केलेला माल. त्याविषयी एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो. फिलरचे कण जितके बारीक, तितका माल ताठ, मजबूत आणि चिवट होतो. उष्णताही चांगली वाहते. नॅनो पावडर चिमूटभर पुरते आणि कृतीत काही बदलावं लागत नाही, असं तो सांगतो. यातला एक भाग खरा आहे. त्याच्या जोरावर बाकीचं खपतंय.

‘ताठरपणा वाढतो.’ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) पट्ट्यात जवळजवळ नाहीच. मॉड्यूलस, म्हणजे ताठरपणाचं माप, ठरतो तो फिलर घनफळाने किती टक्के आहे, त्याचा स्वतःचा मॉड्यूलस किती आणि कण गोल आहेत की चपटे, यावर. 5 मायक्रॉनचे आणि 50 मायक्रॉनचे काचेचे गोल कण सारख्या प्रमाणात घातले, तर ताठरपणात सहसा दखल घेण्याजोगा फरक पडत नाही.

‘ताकद वाढते.’ खरा भाग तो हाच, पण अटींसह. मोठ्या कणापासून रेझिन (कणांना धरून ठेवणारा, घट्ट होणारा पदार्थ) सुटलं की कणाएवढीच मोठी भेग तयार होते, आणि ग्रिफिथच्या नियमानुसार भेग चौपट झाली की तुटण्याची ताकद निम्मी होते. म्हणून बारीक कण फायद्याचे. मात्र 40 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) कणांची 40 मायक्रॉनची गुठळी राहिली, तर ती मोठ्या कणासारखीच वागते. उलट वाईट, कारण तिच्या पोटात रेझिन शिरलेलंच नसतं. दुसरी गोम डेटाशीटमध्ये असते. सगळे डी-50 (ज्या मापाहून निम्मी पावडर बारीक असते ते माप) बघतात, पण तुटण्याची सुरुवात बहुधा सगळ्यात मोठ्या कणांपाशी होते. दोन पावडरींचा डी-50 सारखाच 5 मायक्रॉन असून एकीचा डी-98 (ज्याहून 98 टक्के पावडर बारीक असते ते माप) 15 मायक्रॉन आणि दुसरीचा 60 असू शकतो. विकत घेताना डी-98 विचारा.

‘चिमूटभर पुरते, कृती तीच.’ सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. गोल कणांचं दर ग्रॅम पृष्ठफळ म्हणजे 6 भागिले (घनता गुणिले व्यास). सिलिकाची घनता 2.2 धरली तर 10 मायक्रॉनच्या कणांना दर ग्रॅम सुमारे 0.27 चौरस मीटर पृष्ठफळ मिळतं, 20 नॅनोमीटरच्या कणांना सुमारे 136. पाचशेपट. एवढा पृष्ठभाग रेझिनने भिजायला हवा. 100 ग्रॅम इपॉक्सी रेझिनमध्ये 10 मायक्रॉनची गोल सिलिका 100 ग्रॅम घातली तरी मिश्रण ओतता येतं. फ्यूम्ड सिलिका (नॅनो मापाची अतिबारीक सिलिका) 5 ग्रॅम घातली की ते पेस्टकडे झुकतं.

सिलेनचा, म्हणजे कण आणि रेझिन यांना जोडणाऱ्या रसायनाचा, हिशोबही तसाच. एक ग्रॅम सिलेन कागदोपत्री साधारण 330 चौरस मीटर झाकतं. म्हणजे 100 ग्रॅम जाड सिलिकेला 0.1 ग्रॅमही लागत नाही, तर दर ग्रॅम 200 चौरस मीटरच्या फ्यूम्ड सिलिकेला 60 ग्रॅम. जुनं प्रमाण तसंच ठेवलं तर बहुतेक पृष्ठभाग उघडाच राहतो.

त्यामुळे कृती बदलावीच लागते. पावडर 110 अंशांना तीन-चार तास वाळवा, कारण ती हवेतलं पाणी धरून ठेवते. हार्डनरशिवाय (रेझिन घट्ट करणाऱ्या घटकाशिवाय), नुसत्या रेझिनमध्ये मिसळा. घोटताना मिश्रण तापतं आणि हार्डनर आत असेल तर हाताशी वेळ उरत नाही. थ्री-रोल मिलमधून (तीन रुळांमध्ये मिश्रण घोटणाऱ्या यंत्रातून) रुळांमधली फट कमी करत अनेक फेऱ्या द्या आणि दर फेरीनंतर फाइननेस गेजवर, म्हणजे गुठळ्या दाखवणाऱ्या उतरत्या खोबणीच्या पट्टीवर, ओढून बघा. ओरखडे दिसतात तोवर गुठळ्या आहेत. मग व्हॅक्यूम लावून हवा काढा, हार्डनर शेवटी. दाट मिश्रणातले बुडबुडे आपणहून वर येत नाहीत, आणि पाव मिलिमीटरचा एक बुडबुडा नॅनो कणांची सगळी कमाई घालवतो.

दातांत भरायच्या कंपोझिटमध्ये हे कधीच कळून चुकलं आहे. नुसत्या 40 नॅनोमीटरच्या सिलिकेचं मायक्रोफिल सुरेख चकाकतं, पण त्यात फिलर फारसा मावत नाही, म्हणून ते हायब्रिडपेक्षा (जाड आणि बारीक कण मिसळलेल्या कंपोझिटपेक्षा) कमी ताठ असतं. एकाच मापाचे गोल कण कसेही भरले तर जागेच्या सुमारे 64 टक्केच व्यापतात. जाड कणांच्या फटींत बरेच लहान कण बसवले की आकडा 80 च्या घरात नेता येतो.

‘चिवटपणा वाढतो.’ प्लॅस्टिक कोणतं, ते आधी सांगा. हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनमध्ये रबराचे कण काही मायक्रॉनचे लागतात. मायक्रॉनच्या बरेच खाली गेले की फायदा घटतो. नायलॉनला उलट मायक्रॉनहून बारीक कण हवेत.

‘उष्णता चांगली वाहते.’ बहुधा उलट. कण बारीक केले की कण आणि रेझिन यांच्यातल्या सीमा वाढतात आणि प्रत्येक सीमा उष्णतेला अडवते. म्हणून जाड कण मुख्य ठेवतात, बारीक कण फक्त फटी भरण्यापुरते.

रबरात मात्र दाव्याला बळ आहे: कार्बन ब्लॅक (रबरात घालायची काजळीसारखी पावडर) बारीक तितकी झीज कमी. पण वारंवार दबताना रबर तापतंही जास्त. म्हणून टायरच्या ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या थरात) एन-220 किंवा एन-330 सारखा बारीक आणि आतल्या थरांत एन-660 सारखा जाड कार्बन ब्लॅक वापरतात.

राहिले दाव्यासोबत फिरणारे तुलनेचे फोटो. जाड फिलरचा तुकडा लवकर तुटलेला दिसला, तर आधी कण तळाला बसले होते का ते पाहा. 1 पास्कल-सेकंद दाटपणाच्या, थोडेच कण असलेल्या मिश्रणात 100 मायक्रॉनचा वाळूचा कण अर्ध्या तासात सुमारे 15 मिलिमीटर खाली जातो, 10 मायक्रॉनचा 0.15. तुकड्याचा वरचा आणि खालचा भाग कापून दोन्हींची घनता मोजा. ती वेगळी आली, तर त्या फोटोत कणांच्या मापाची चाचणी झालेलीच नाही.