नऊ व्होल्टांचा संसार

गिटार वाजवायला सहा तारा पुरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी रविवारी दुपारी आमच्या गिरगावच्या घरी यावं आणि जपून पाय टाकावा. दिवाणापासून टीव्हीपर्यंत वायरी पसरलेल्या असतात. बाबा पेपर सांभाळत त्यातून वाट काढतात आणि न चुकता विचारतात, "आज वाजणार आहे की नुसतं जोडणार आहेस?"

गिटारचा आवाज बदलणारे पायाखालचे डबे म्हणजे पेडल. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो, तोही पिनच्या मध्ये निगेटिव्ह असलेला. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरला बहुधा मध्ये पॉझिटिव्ह. दिसायला दोघे सारखेच. फरक पाठीवरच्या इवल्याशा चित्रात, जे बघायला बाबांचाच चष्मा लागतो. लॅमिंग्टन रोडवर एकाच अ‍ॅडॉप्टरवर पाच पेडल चालवणारी वायर मिळते. दुकानदार म्हणतो, "लावून तर बघा साहेब!" लावली, आणि आवाजाचे पडसाद काढणारा डिजिटल डिले त्या वायरीतून आवाज फाडणाऱ्या शेजारच्या डिस्टॉर्शनच्या कानात बारीक शिट्टी मारू लागला.

शिट्टीची सोय लावली की हम्म सुरू. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्पीकरमधून ५० आणि त्याच्या दुप्पट १०० असा घुमार येतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीला 'जी' हा स्वर वाजतो, तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे आमच्या इमारतीची वायरिंग दिवसरात्र 'जी' वाजवते, तोही जरासा चढा! मी गिटार तिच्याशी जुळवून घ्यायचा विचारही केला होता. लॅपटॉपचा चार्जर काढला की घुमार गप्प होतो. मग लॅपटॉपची बॅटरी संपते.

आवाज एकत्र करणाऱ्या छोट्या मिक्सरवर गिटारचा नाजूक सिग्नल सांभाळणारं हाय-झी बटण एकाच चॅनेलला. दुसरीकडे खुपसली की आवाज गोधडीखालून येतो. खरा घातकी म्हणजे ऑक्सचा, आवाजाची एक फांदी बाहेर पाठवणारा नॉब. ऑक्समधून आवाज डिलेला जातो, डिलेतून परत एका चॅनेलवर येतो, आणि त्या चॅनेलचाही ऑक्स उघडा राहिला की तोच आवाज पुन्हा डिलेकडे निघतो, खिडकीसाठी उलटी गाडी पकडून चर्चगेटला जाणाऱ्यांसारखा, फक्त दर फेरीला गर्दी वाढवत. दोन-तीन सेकंदांत असा चीत्कार निघतो की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उत्तर देतो.

यावर कळस म्हणजे पायाने दाबायचा मिडी कंट्रोलर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९८३ साली मिडी आलं. ती बोलतातही. फक्त मोजायला कुठून सुरुवात करायची यावर त्यांचं अजून एकमत नाही. साठवलेल्या आवाजांचे नंबर माझा कंट्रोलर १ ते १२८ मोजतो, मल्टिइफेक्ट, म्हणजे अनेक पेडल एकात असलेला डबा, ० ते १२७. इकडे ४ दाबलं की तिकडे ३ लागतं. मॅन्युअलमध्ये हे सांगितलंय, वॉरंटीच्या अटींनंतर.

सोसायटीच्या सत्यनारायणाला संध्याकाळी जोशीकाकू भावगीत म्हणत होत्या. कंट्रोलर घरी नीट जुळवला होता. मंडपात लाइट जाऊन आली आणि मल्टिइफेक्टने आपली मोजणी परत शून्यावर नेली. ध्रुवपदाला मी ४ दाबलं, स्वच्छ आवाजाचं. लागलं ३, हेवी मेटल. मंडपाचे पत्रे थरथरले, भटजींनी प्रसादाचं पातेलं धरलं. काकू मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पट्टी चढवली आणि पुढचं कडवं दणक्यात घेतलं.

पोरांनी वन्समोअर दिला.